हाताला कळलेला रस्ता

"या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही," असं बापाने लेकाला बजावलं होतं. लेकाने ते अपघातात जाईपर्यंत पाळलं.

त्याच्या चेपलेल्या गाडीतलं, रस्त्याचा हादरा हातापर्यंत पोचवणारं स्टिअरिंगचं मॉड्यूल नवं, भारी होतं. मेकॅनिकने ते काढून बापाच्या जुन्या गाडीत बसवलं. म्हणाला, "काका, आता रस्ता हाताला कळेल बघा."

गाडी अंगणात उभी होती, किल्ली बापाच्या खिशात. त्याने आत बसून सहज स्टिअरिंग धरलं, तर ते थरथरत होतं.

आधी पुलावरचे सांधे कळले. मग शाळेजवळचा गतिरोधक. मग गल्लीतले खड्डे, एकेक ओळखीचा. शेवटी फाटकातली खडी हातांखाली करकरली आणि स्टिअरिंग शांत झालं.

बापाने आरशात पाहिलं. फाटक बंदच होतं.

घरातून लेकाच्या आईचा आवाज आला, "आलास? किती वाळलास रे!"