डाळिंबाची मुळं

फ्रिजचं दार करकरलं अन् घरातली शांतता मोडली. भाजीशेजारी मी तपासणीसाठी ठेवलेली, येरमाळ्याहून आणलेली डाळिंबाची गाठाळ मुळं ह्यांना दिसली. "लई शास्त्रज्ञ झालीस व्हय!" म्हणत ह्यांनी आधी पिशवी भिरकावली, मग माझं डोकं भिंतीवर आपटलं अन् दार आदळून निघून गेले.

मी मुळं वेचत होते. सात वर्षांची श्रावस्ती माझ्या कपाळाला ओला रुमाल लावत म्हणाली, "आई, ह्यात काय असतं गं?"

"सूत्रकृमी, बाळा. मुळांना गाठी आणणारे बारीक जंत. दिसायला सगळे सारखेच, म्हणून डीएनए बघून जात ओळखायची. ह्या जातीला पिलं व्हायला नर लागतच न्हाय बघ. हजारो पिढ्या नुसत्या माद्यांवरच चालल्यात."

तिनं दाराकडं पाहिलं.



"मग आई, आपल्याला पप्पा कशाला लागतेत?"