एकटीची वीण

“म्हणजे या अळंबीला बाप नाही?” तपास अधिकाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला.

“एकच पालक. आई म्हणा नाहीतर बाप,” बाई म्हणाल्या. “एरवी दोन बीजाणूंचे धागे जमिनीत भेटतात, जुळतात, मगच वर छत्री येते. ही कुणाची वाट बघत नाही. एकटीच वाढते, एकटीच वीण वाढवते.”

“भलतीच धीट.”

“आणि भलतीच विषारी.”

विषारी अळंब्यांच्या जनुकांवर बाईंनी चाळीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेतली ही मागची खोली त्यांच्याकडेच होती.

“तुमच्याच घरचं प्रकरण, तुम्हाला विचारणं बरं दिसत नाही,” अधिकारी ओशाळून म्हणाला. “पण यातलं कळणारं दुसरं माणूस आणू कुठून?”

मेला होता तो त्यांचा जावई. पहिल्या रात्री उलट्यांनी बेजार. दुसऱ्या दिवशी मात्र हसत उठून बसला, चहा मागितला. चौथ्या दिवशी गेला. त्याच्या कढईला चिकटलेला अळंबीचा तुकडा बाईंनी स्वतः तपासला होता.

“तुमची मुलगी म्हणते, टेकडीवरून त्यानेच तोडून आणली. नेमकी कुठून, सांगता येईल?”

बाईंना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ही एकटीची वीण टेकडीमागच्या एकाच ओकच्या झाडाखाली उगवायची. ती जागा त्यांनी कुठल्याही निबंधात लिहिली नव्हती. ती ठाऊक होती दोघींना: त्यांना, आणि शाळेत असताना मोजपट्टीचं दुसरं टोक धरणाऱ्या त्यांच्या मुलीला.

गेल्या महिन्यात मुलीच्या मनगटावर निळे वळ होते. “दारावर आपटला हात,” ती म्हणाली होती. बाईंनी पुढे विचारलं नव्हतं.

“अशा एकट्या अळंब्या टेकडीभर आहेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “एक जागा सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.”

“मग अपघातच.” अधिकाऱ्याने वही मिटली. जिन्यावरून त्याचे बूट उतरत गेले.

बाईंनी कढईतल्या अळंबीच्या अहवालाचे बारीक तुकडे केले. चाळीस वर्षांत विज्ञानाशी केलेली ही पहिली बेइमानी. त्यांनी मुलीला फोन लावला.

“काळजी करू नकोस. साहेब येऊन गेले. जागा मी सांगितली नाही. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.”

बाईंनी आवाज खाली आणला.

“तो तुला मारत होता, मला कळत नव्हतं का? मी तुला काही विचारणार नाही, बाळा.”

“आई, आधी खाली बस.” मुलीचा आवाज थकलेला होता, पण त्यात आश्चर्य नव्हतं. “ती अळंबी तू आणली होतीस. ‘बिनविषारी आहे, पोटभर खा’ म्हणालीस. मला ताप होता म्हणून मी वाचले. त्याने आणली, हे साहेबांना मीच खोटं सांगितलं.”

बाई खुर्चीत टेकल्या. “मी? मी ओळखायला चुकेन?”

“कालही हेच म्हणालीस, आई,” मुलगी हळूच म्हणाली. “परवाही. रोज तू मला वाचवायलाच फोन करतेस.”