बारदानाची घडी

हवालदार रुपचंदने मशीनगनच्या नळीखालच्या आडव्या लाकडावर बारदानाची एक घडी ठेवली, आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने शिट्टी तोंडात धरली.

ते लाकूड त्यानेच ठोकलेलं होतं. नळी त्याच्याखाली वाकूच शकत नसे, त्यामुळे गोळ्या जमिनीपासून दीड हात उंचीवरून जात आणि त्यांच्याखालून जवान सरपटत. धुळ्याबाहेरच्या त्या माळावर निजामाच्या सरहद्दीवर पाठवायची खास तुकडी तयार होत होती. गोळ्या खऱ्या होत्या. काल एक गोळी दगडावर आपटली, कपची उडाली आणि एका जवानाचा कान फाटला. म्हणून आज तुकडीचे साहेब स्वतः आले होते. खऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, ते आज ठरवणार होते.

"नुसते आवाजाचे बार उडवले तर काय बिघडेल?" त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं.

"सरहद्दीवर समोरचा नुसते आवाज काढणार नाही, साहेब," रुपचंद म्हणाला होता. तो ब्रह्मदेशातली लढाई बघून आला होता. असं बोलायचा त्याला हक्क होता, आणि तो हक्क तो रोज बजावायचा.

मग नळी आणखी वर उचलणारं हे बारदान कशाला? तर आता ज्या चौघांची पाळी होती, त्यांत सुकदेव होता. रुपचंदच्या धाकट्या बहिणीचा, तानुबाईचा नवरा. आमच्या खानदेशात बहिणीचा नवरा म्हणजे सगळ्या घराचा जावई. त्याच्या ताटात तुपाची धार धरायची असते. त्याच्या डोक्यावरून गोळ्या झाडायची रीत आमच्याकडे नाही.

शिट्टी वाजली. चौघं पोटावर पडून निघाले. मशीनगन तडतडली आणि समोरच्या टेकाडावर रोजच्या जागेपेक्षा बरीच वर धूळ उडाली.

सुकदेवच्या मागे त्याच्याच गावचा कौतिक होता. त्याने मान तिरकी करून टेकाडाकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं.

"आरामशीर चाला रे! आज जवाईना मान शे!"

बोलता बोलता तो गुडघ्यांवर आला. त्याचं बघून बाकीचे दोघंही आले आणि बांधावरून बकऱ्या जाव्यात तसे निवांत पलीकडे गेले. एकटा सुकदेव शेवटपर्यंत पोटावर होता.

साहेब खूश झाले. "हे झकास! कुणाला इजा नाही, काही नाही. हवालदार, उद्यापासून हीच उंची कायम."

रोज ज्या गोष्टीसाठी रुपचंद भांडायचा, ती त्याने आज स्वतःच्या हाताने बुडवली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात सुकदेव धापा टाकत मशीनगनपाशी आला. बारदान त्याला दिसलं. साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने तो वाकला.

"भाऊ, मन्हा मान मांडवमा हुई गया. अठे नको."

"तानुले मी काय सांगू?" रुपचंद पुटपुटला.

"तिले मी सांगसू. पन त्या कौतिकले पाहा. गुडघावर चालना तो. तठे सरहद्दीवर असाच चालना, ते त्यानी मायले कोन सांगी?"

रुपचंदने बारदान ओढून काढलं आणि बाजूला फेकलं. मग तो साहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"साहेब, उंची चुकली. चूक माझी आहे. हे चौघं पुन्हा गोळ्यांखालून जातील."

साहेबांनी आधी बारदानाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "एकदा चुकलास ना? मशीनगनवर दुसऱ्या कुणाला बसव."

"नाही साहेब. आज मीच बसणार."

"आखो?" पुन्हा जायचं ऐकून कौतिक तिकडून ओरडला. "आरे, मी ते कोनाच जवाई नही!"

शिट्टी वाजली. या वेळी टेकाडावर रोजच्या जागी धूळ उडाली. कौतिकच्या तोंडात माती गेली आणि त्याचं हसणं बंद झालं. सुकदेव पुढे होता, कोपरामागे कोपर टाकत, जमिनीला चिकटून. नळीच्या रेषेखाली बहिणीच्या नवऱ्याची पाठ हलताना रुपचंद बघत होता. घाम डोळ्यांत गेला तरी त्याने डोळा मिटला नाही, कारण नेम धरणाऱ्याने डोळा मिटायचा नसतो, मग समोर कुणीही असो.

अर्ध्या वाटेवर कौतिकचा धीर सुटला. तो उठून पळायच्या बेतात होता. मान वर यायला लागली. रुपचंदचं बोट घोड्यावरून सुटायच्या आत सुकदेव आडवा वळला, त्याने कौतिकचं मानगूट धरलं आणि त्याचं तोंड मातीत दाबलं. तसंच धरून त्याला ओढत, ढकलत, पोटावरच पलीकडे नेलं. गोळ्या दोघांच्या वरून जात राहिल्या.

मशीनगन थांबली. कौतिक पलीकडे पडून रडत होता, आणि सुकदेव त्याच्या अंगावरची माती झटकत होता. साहेबांनी नळीखालच्या लाकडावर हात ठेवला.

"लाकूड आहे तिथेच राहू दे," ते म्हणाले. "खऱ्या गोळ्या चालू राहतील. तो पुढचा जवान कोण?"

नाव आणि नंबर सांगायची शिस्त होती. साहेबांशी शुद्ध मराठीत बोलायचीही शिस्त होती. रुपचंद उठून छाती काढून उभा राहिला, आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"आमना जवाई शे, साहेब!"