लाडाचं नाव
मुलीच्या लग्नात लहानपणीचे फोटो दाखवायचे म्हणून एविंदने माळ्यावरचा जुना कंप्युटर खाली आणला. तो सुरू झाला, पण पासवर्ड मागू लागला. पासवर्ड राग्नहिलने घातला होता, आणि तिला नामसोसचं हे घर आणि एविंदला सोडून अकरा वर्षं झाली होती. विसरभोळ्या नवऱ्यासाठी तिने तेव्हा एक खूण लिहून ठेवली होती: ‘तू मला काय म्हणतोस?’ एविंदने तिचं नाव घालून पाहिलं, मग ‘राणी’, मग ‘लाडके’. शेवटी त्याने तिलाच फोन लावला. “मी तुला लाडाने काय म्हणायचो?” “एवढंसुद्धा विसरलास?” “कंप्युटर विचारतोय गं.” ती हसली. “त्याला तरी पडलंय. मुल्ते म्हणायचास. मुल्तेची ती पिवळी फळं वेचताना मी दलदलीत गुडघाभर रुतले होते ना, तेव्हापासून.” त्याने एका बोटाने अक्षरं दाबली. जुनी सुरावट वाजली आणि होडीतल्या तिघांचा फोटो पडद्यावर आला. आता काम झालं म्हटलं, की ती फोन ठेवणार. “नाही उघडत,” एविंद म्हणाला. “परत सांग ना.” कंप्युटरची ती सुरावट फोनमधून राग्नहिललाही ऐकू गेली होती. तरी ती म्हणाली, “बरं. एकेक अक्षर सांगते. घाई करू नकोस.”