बोटं किती?

"खाली नको बघूस! चेंडू काही पळून जात नाही. माझी बोटं बघ. किती?"

"तीन... नाही, चार!"

"दोन आहेत, शहाणे!" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात चेंडू खारूच्या बुटावर आपटला आणि घरंगळत थेट आत्याच्या खुर्चीमागे गेला. रोजचंच झालं होतं हे. खारू कमरेत वाकून धापा टाकत उभी, मग चेंडू आणायचा कुणी? आत्यानंच. काठी टेकत, कण्हत, सगळ्या जगाला नावं ठेवत ती उठायची.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती परगावाहून दादाकडे, म्हणजे खारूच्या बाबांकडे, राहायला आली. आली ती खोलीत जी बसली, ती बसलीच. एकेकाळी बास्केटबॉलचं मैदान गाजवलेली बाई, पण डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं की तोंड फिरवायची. "चालून जायचंय कुठे मला?" दादाचा जीव नुसता तुटायचा.

मग एक दिवस खारू चेंडू घेऊन दारात उभी राहिली. शाळेच्या संघाची निवड तोंडावर आलीय, ड्रिबलिंग म्हटलं की हात थरथरतात, आता तूच शिकव. अगदी रडवेली झाली होती बिचारी. आत्या विरघळली.

तेव्हापासून दादाच्या बेकरीमागच्या अंगणात रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. उजवा हात, डावा हात, पायांमधून, पाठीमागून. हात चेंडूवर आणि डोळे आत्याच्या बोटांवर. पोरीची जिद्द दांडगी, पण प्रगती म्हणाल तर शून्य. बसून ओरडण्यानं काही होईना, तेव्हा आत्या स्वतःच उठून दाखवायला लागली. "मनगट सैल सोड. असं!" चेंडू तिच्या हाताखाली गुमान उड्या मारायचा. काठी कुठे ठेवली, हेही तिच्या ध्यानात राहत नसे.

"काय म्हणते शिष्या?" पिठाचे हात झटकत दादा विचारायचा.

"दगड आहे नुसता! पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही," असं म्हणत आत्या ताटातलं सगळं संपवायची. वर आणखी वाढून घ्यायची.

निवडीच्या आदल्या दिवशी मात्र खारूनं सकाळच्या जादा सरावातही पाच बोटांना 'एक' म्हटलं, आणि आत्याचा धीर सुटला. उद्या पोरीचं मन मोडलं तर? या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरेना. दुपारी घरात कुणाला काही न सांगता ती निघाली. दोन चौक, एक चढ, वर शाळेच्या पायऱ्या. क्रीडाशिक्षक मैदानाच्या कडेला बसून चेंडूंत हवा भरत होते.

"सर, उद्याच्या निवडीत माझ्या भाचीला जरा सांभाळून घ्या," ती घाम पुसत म्हणाली. "खारू म्हणतात तिला. हात कच्चा आहे, कबूल. पण पोर मेहनती आहे हो! थोडे दिवस द्या, मी तयार करते तिला. हवं तर रोज इथे येऊन शिकवीन."

सरांच्या हातातला पंप थांबला.

"कसली निवड? अहो, खारू आमची कर्णधार आहे. बाकीच्या मुलींना ड्रिबलिंग तीच तर शिकवते!" बोलता बोलता ते ताडकन उभे राहिले. "थांबा, थांबा. म्हणजे तुम्हीच त्या आत्या? आणि चालत आलात?"