उभी नाहीतर आडवी

खुब्यात बसवलेला धातूचा गोळा, लिंबाएवढा.

दगडी ओठांवर अर्धवट हसू.

बसमधलं गाणं. शब्द सगळ्यांना पाठ, सूर एकीलाही नाही.

जळून काळ्या पडलेल्या विटा. त्यांवर ऊन खात पडलेलं मांजर.

गुलाबी टोप्या, आजचा बाजार बुडवून आलेल्या.

"डोकं खाली." आणि शिट्टी.

पहारेकऱ्याची शिट्टी थोंगबायसाठी होती. थायलंडच्या जुन्या राजधानीत, अयुथ्येच्या महाथात देवळात, पिंपळाच्या मुळांनी कवटाळलेल्या बुद्धाच्या मस्तकासमोर ती एकटीच ताठ उभी होती. बाकीच्या गुलाबी टोप्या कण्हत-कुंथत उकिडव्या बसून, फोटो काढून मोकळ्या झाल्या होत्या. मस्तक जमिनीलगत आहे. त्याच्याहून आपलं डोकं वर ठेवून फोटो काढायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आजी, थोडं बसा ना," गाईड पोरगी केव म्हणाली.

"खुबा बदललाय माझा. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसायचं नाव काढू नकोस. उभी राहा नाहीतर आडवी हो, मधलं काही नाही."

"मग त्या खांबापाशी उभ्या राहा. लांबून काढते."

"तिथून काय दिसेल?"

"झाड दिसेल."

मागे प्रयोंग खुसखुसली. सगळ्या टोप्या नाखोन सावनच्या बाजारातल्या. तिथे प्रयोंगचं सुक्या मासळीचं दुकान आणि थोंगबायची तळलेल्या केळ्यांची गाडी समोरासमोर. दुकानात एक फोटो टांगलेला: तरुण प्रयोंग, उकिडवी, खांद्यामागे हेच मस्तक. कचऱ्यावरून, सांडपाण्यावरून, गिऱ्हाइकावरून, कशावरूनही जुंपली की प्रयोंग अंगठ्याने तो फोटो दाखवी. आधी राजधानी बघून ये, मग तोंड उघड.

थोंगबायला तो फोटो हवा होता. तसाच. त्याहून मोठा.

"झाडाचाच काढ गं तिचा," प्रयोंग म्हणाली. "घरी सांगेल, मी झाडामागे होते."

टोप्या हसल्या.

केव कानाशी वाकली. "मोबाईलवर जोडून देते, आजी. तुमचं डोकं हवं तिथे बसवते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तिला कळेल. इथेच उभी आहे ती."

केव पहारेकऱ्याकडे वळली. "काका, एकदाच उभ्याने..."

"नाही. काल एका सहा फुटी गोऱ्याला बसवलाय. विजार उसवली त्याची. तरी बसवला."

थोंगबायने टोपी काढून वारा घेतला. मस्तकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"दादा, नियम डोक्याचा आहे की बसण्याचा?"

पहारेकऱ्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "डोक्याचा," तो म्हणाला.

"आणखी काही?"

"पाय त्यांच्याकडे करायचे नाहीत."

"ते माझ्या आईने शिकवलंय."

तिने काठी केवच्या हातात दिली. "प्रयोंग, इकडे ये."

"मी कशाला?"

"रोज ट्रकमधून मासळीच्या पेट्या उतरवतेस ना? तशी मला उतरव. आदळू नकोस."

सगळा बाजार बघत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. प्रयोंगने मागून तिच्या काखांत हात घातले. पहारेकऱ्याने, कुणी न सांगता, पाय धरले. बिजागरीतून काढलेलं दार भिंतीला टेकवून ठेवतात, तशी थोंगबाय हळूहळू तिरपी झाली आणि मग धुळीत आडवी झाली. कुशीवर, नवा खुबा वर. पाय वाटेच्या बाजूला. हात जोडलेले.

पहारेकरी खाली बसला. एक डोळा मिटून त्याने थोंगबायच्या केसांपासून दगडी हनुवटीपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

शिट्टी तोंडातून काढली.

"मधे अजून एक माणूस मावेल," तो म्हणाला.

शेवयांची गाडीवाली पुढे आली. "माझेही गुडघे गेलेत. मघाशी बसले ती कशी उठले, माझं मला माहीत." ती थोंगबायच्या डोक्याशी आडवी झाली. मग फुलवाली. मग अंडीवाली, तिच्या कमरेत उसण भरली होती आणि ते तिने सकाळपासून कुणाला सांगितलं नव्हतं. हां हां म्हणता राजधानीच्या विटांमध्ये सगळा बाजार लवंडला. मांजर उठून निघून गेलं. त्या सगळ्या मावाव्यात म्हणून केवलाही समोर पोटावर पडावं लागलं.

"हलू नका. काढते."

शिट्टी.

कुणीच हललं नव्हतं. पहारेकरी मागे बघत होता. तिथे एकच गुलाबी टोपी वर राहिली होती.

"ओ बाई. डोकं खाली."

"माझा फोटो आहे," प्रयोंग म्हणाली. "दुकानात."

"दुकानात असेल. इथे खाली."

थोंगबायने मान वळवली नाही. कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाली, "ये गं. माझ्या पायाशी जागा आहे."

प्रयोंगने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरीकडे जागा कुठेच नव्हती.

केवने फोटो काढला. एक काढला आणि चांगला आला.

उठवायला मात्र इतका वेळ लागला की पुढचं देऊळ हुकलं. त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

सकाळी बसमध्ये चढताना थोंगबाय सगळ्यांना म्हणाली होती की तिला देवळं बघायची नाहीत, ती फक्त नदीतली कोळंबी खायला येतेय.