काउबॉयचं घर

टीव्हीवरचा काउबॉय छपराला खिळे ठोकत होता, नि एकेक खिळा झुलेखाच्या डोक्यात बसत होता.

शुक्रवारचं जेवण उरकून हुसेन सोफ्यावर आडवा झालेला. हा इंग्लिश पिक्चर त्यानं किती वेळा बघितला असेल, अल्लाला ठाऊक. ओसाड माळ, घोडे, धूळ, नि मधेच एकटा बाप्या घर बांधतोय. खिडकीबाहेर कुवेतातल्या सबाह अल-सालेमची धूळ काय कमी होती, म्हणून आत आणखी बघायची.

"मुदीरचा फोन येईल आता," झुलेखा म्हणाली. "काय सांगणार सायबाला?"

"पिक्चर संपूदे."

"इकामा दोन वर्सं वाढवायचा का गावाला जायचं, एवढंच विचारणार तो. हो नायतर नाय. त्याला पिक्चर कशाला लागतो?"

हुसेननं टीव्हीचा आवाज वाढवला. तिनं भांड्यांचा वाढवला.

दर खेपेला हेच. हा शेवटचा इकामा, इथं राहायचा शेवटचा परवाना, मग दापोलीकडं आपल्या घरात. मागल्या खेपेला फरशी राहिली म्हणून थांबला, त्याआधी गच्चीवरचा पत्रा. आता त्या घरात बसवायचं काय राहिलं नव्हतं, माणसं सोडून. गावच्या मोहल्ल्यात सगळ्यांचं तसंच. गुलाबी, पोपटी बंगले, नि दारांना ही थोरली कुलपं. झुलेखानं त्या घरात अजून एकही पावसाळा काढला नव्हता.

"बघ, लाकूड कसं जोडलंय," हुसेन म्हणाला. "एक सांधा दिसत नाय."

"आपल्या घराचा तरी कुठं दिसतो? बघायला आहे कोण, पाली."

पडद्यावर गुंड आले, गोळ्या सुटल्या, गुंड मेले. बाई दारात येऊन उभी राहिली. काउबॉयनं घोड्यावर वळकटी बांधली.

झुलेखा हात पुसत बाहेर आली. एवढ्या वर्षांत तिनं शेवट कधी धड बघितला नव्हता.

"हा कुठं निघाला?"

"पुढं," हुसेन म्हणाला.

"आत्ताच घर बांधलंन ना?"

कॉलेजात जाणारी मेहविश कोपऱ्यात मोबाइलमधे डोकं घालून बसलेली. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, ही इज अ काउबॉय. ही हॅज टू गो."

"कोणी सांगितलं त्याला?"

घोडा लांब लांब जात ठिपक्याएवढा झाला. दारातली बाई तशीच उभी.

"मेला कुवेतलाच चाललाय," झुलेखा म्हणाली.

हुसेन हसला. मग त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

तेवढ्यात काचेच्या टीपॉयवर फोन घरघरला. मुदीर. हुसेन नुसता बघत राहिला.

झुलेखा आत गेली, बांगड्यांचा डबा उघडला, नि गावच्या घराची चावी आणून फोनच्या बाजूला आपटली.

"उचला. काय बोलायचं ते ह्या चावीसमोर बोला."

फोन थरथरत होता. काचेवर चावी पण थरथरत हळूहळू कडेला सरकत होती. हुसेननं हात पुढं केला नि पडायच्या आत ती मुठीत धरली.

फोन वाजतच होता.